कोऱ्या चहाचा कप

“मावशी, तो कपही खोक्यात टाका. संध्याकाळपर्यंत पँट्री रिकामी हवी,” मॅनेजर दारातूनच म्हणाले.

“कुठला हो?” मावशींनी माहीत असून विचारलं.

“तोच, कान तुटलेला. आता यंत्र येतंय. बटण दाबा, चहा घ्या. तुमचीही दगदग गेली!”

मावशींची दगदग गेली नव्हती, नुसती जागा बदलणार होती. येत्या सोमवारपासून कंत्राटदार त्यांना दुसऱ्या इमारतीत जिने पुसायला लावणार होता.

या ऑफिसात चहा-कॉफी फुकट, बिस्किटं आणि खारे शेंगदाणेही फुकट. फळीवर पाटी होती : ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’. मावशी कंत्राटदाराच्या, म्हणजे त्या पाटीच्या बाहेरच्या. बरण्या त्याच भरायच्या, त्याच पुसायच्या. पण त्यांनी कधी झाकणाखाली बोट घातलं नाही. कोणी पाहील म्हणून नव्हे. वर बसलेला पाहतोच, अशी त्यांची साधी समजूत.

हे एका माणसाच्या ध्यानात आलं होतं. खिडकीजवळ बसणारे कोरेसाहेब. खरं आडनाव वेगळंच, पण त्या कान तुटलेल्या कपातून बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा पिऊन पिऊन ते कोरेसाहेब झाले. एकदा तर त्यांच्या बायकोनेच फोन करून विचारलं होतं, “कोरेसाहेब आहेत का जागेवर?” बशीत दोन बिस्किटं असायची. एक खायचे, आणि दुसऱ्यासकट बशी स्वतः पँट्रीत आणून द्यायचे.

“हे उरलं हो, मावशी.”

“रोज उरतं, तर एकच देत जाऊ का?”

“छे छे, दोनच असू द्यात. एकट्या बिस्किटाला करमत नाही.”

मग मावशी भिंतीकडे तोंड करून ते उरलेलं बिस्किट खायच्या. देणाऱ्याने दिल्याचं कळू दिलं नाही, आणि घेणारीला मान खाली घालावी लागली नाही. अशी वर्षं गेली.

एका रविवारी कोरेसाहेब दुपारचे आडवे झाले ते उठलेच नाहीत. सोमवारी शोकसभा झाली. सगळे मुकाट उभे राहिले तेव्हा मावशी शेगडीपाशी होत्या. सभेनंतरच्या चहाचं दूध वर येत होतं, सोडून जाता येईना. दूध सांभाळून बाहेर आल्या, तर सभा संपून माणसं आपापल्या खुर्चीवर. त्या दिवशीही त्यांच्या हातांनी एक कोरा चहा केला आणि खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवला.

पुढे त्या जागेवर नवी मुलगी आली. मावशींच्या हातांनी तिच्यापुढेही तोच कप ठेवला. हा तुझा नव्हे, असं सांगायला तोंड उघडेपर्यंत मुलीने घोट घेतला होता. मग ते रोजचंच झालं.

आज मावशी रिकामा कप न्यायला तिच्यापाशी गेल्या. “बाळ, दे तो. खोक्यात जायचाय.”

“माझ्याकडेच राहू द्या ना.”

“तुझा थोडाच आहे तो!” मावशींच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. “तुला मी कधी विचारलंच नाही गं. आवडतो ना तुला कोरा?”

मुलीने मान खाली घातली. “काढ्यासारखा लागतो हो, मावशी.”

“अगं बाई! मग इतके दिवस घशाखाली उतरवलास कसा? तोंड नव्हतं तुला?”

“होतं. पण कप ठेवताना तुम्ही म्हणायचात, ‘गरम आहे तोवर घ्या, आणि पाठ टेका जरा.’ मी खोलीवर एकटीच असते. दिवसभरात मला तेवढंच कोणीतरी म्हणायचं.”

ते शब्दही कोरेसाहेबांसाठीचेच होते. मावशींनी पदराने डोळे टिपले.

“तुला कसा लागतो? खरं सांग.”

“भरपूर दुधाचा. आणि साखर... तीन चमचे.”

“अरे देवा! कुठे ते आणि कुठे तू!” मावशी डोळ्यांत पाणी असतानाच हसल्या.

पँट्रीत त्यांनी कप घासला. आतला तपकिरी डाग काही गेला नाही. साखरेचा चमचा कपावर आला आणि थांबला.

“साहेब,” त्या हलकेच म्हणाल्या, “त्या दिवशी निरोप द्यायचा राहून गेला. या आता.”

मग साखर पडली. वरून दुधाचा चहा ओतला तसा डाग हळूहळू बुडून गेला.

मावशी कप आणि दोन बिस्किटं घेऊन आल्या, तर मुलीने शेजारची खुर्ची ओढून ठेवली होती. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये त्या कधी बसल्या नव्हत्या. टेकल्या, कडेला.

“गरम आहे तोवर घे,” त्या म्हणाल्या.

मॅनेजर जाता जाता थबकले. “हा कप अजून इथेच?”

“माझा आहे, सर,” मुलगी म्हणाली, आणि तिने बशी मावशींपुढे सरकवली.

मावशींनी एक बिस्किट उचललं आणि भिंतीकडे न वळता, सगळ्यांदेखत, सावकाश खाल्लं.