पत्रोबाचा डावा बूट

पैज लागली तेव्हा तात्यांच्या एका गालाला साबण होता आणि दुसऱ्या गालाची दाढी उरकली होती.

"नव्या पिक्चरमध्ये तात्यांचं तोंड दिसणार," न्हाव्याने जाहीर केलं. गल्लीत त्याला सगळे वस्तऱ्या म्हणायचे, कारण हातापेक्षा त्याची जीभच जास्त चालायची.

"जुन्यात दिसलं नाही, ते आता कशाला दाखवतील?" समोरचा शिंपी बाकावरून म्हणाला. त्याला मास्तर म्हणत.

"लाव पैज. नाही दिसलं तर मी डोक्यावर बादली घालून पत्रोबासारखा भर बाजारातून चालेन."

"आणि दिसलं तर?"

"तर तू स्वतः शिवलेली पँट घालायची."

दुकान हसलं. तात्याही हसले आणि साबण तोंडात गेला.

पत्रोबा म्हणजे अर्धा माणूस, अर्धा पत्रा. अंतराळात मोडला आणि लोखंडात पुन्हा जोडला. कोणे एके काळी त्या पिक्चरने असा धुमाकूळ घातला होता की गल्लोगल्ली पोरं डावा पाय ओढत फिरायची. आतला माणूस होते तात्या. मरताना पत्रोबा हेल्मेट काढतो, असा एकच सीन होता. तो शूट झाला आणि कापला गेला. तोंड दिसलं की मजा जाते, असं डायरेक्टर म्हणाला होता. तात्यांनी ते वाक्य आयुष्यभर चघळलं.

आता कंपनी तोच पिक्चर नव्याने काढत होती आणि लोकांना जुनाच पत्रोबा हवा होता. फोनवरची मुलगी म्हणाली होती, "सर, ओरिजिनल तुम्हीच. आणि या वेळी हेल्मेट काढायचा सीन ठेवलाय."

तेव्हापासून तात्या रोज दाढीला यायला लागले.

स्टुडिओत त्यांच्याबरोबर वस्तऱ्या गेला. तात्यांच्या बायकोने, काकूंनी, बजावून पाठवलं होतं, "त्यांना साखर आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम आत्ता कुठे भरलीय. पायातली सैल चप्पल काढू देऊ नकोस."

"मी आहे ना काकू," वस्तऱ्या म्हणाला होता.

स्टुडिओत यान नव्हतं की पत्रा नव्हता. रिकामी खोली आणि चहूबाजूंनी कॅमेरे. तात्यांना अंगाला चिकटणारा काळा पोशाख चढवला, त्यावर पांढरे गोळे डकवले. चालणार तात्या, त्यावर पत्रा चढवणार कॉम्प्युटर.

तात्या चालले. पडद्यासमोरचा पोरगेला ऑपरेटर डोकं खाजवत म्हणाला, "सर, हे आजोबांसारखं येतंय."

"आजोबाच आहे मी."

"नाही, म्हणजे... पत्रोबाची ती चाल पाहिजे."

तात्यांनी वस्तऱ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून बूट काढला. पत्र्याने मढवलेला, जुना, डावा. जुन्या पिक्चरमधला पत्रोबाचा सूट मुळात दुसऱ्याच नटाच्या मापाचा होता. नट पळाला, सूट तात्यांच्या गळ्यात पडला. उजवा बूट कसाबसा बसला, डावा एक नंबर लहान निघाला. ज्या चालीवर लोक जीव टाकत होते, ती त्या चुकीच्या मापाची होती.

बूट काही केल्या चढेना.

"तुझा साबण आणलायस का?" तात्यांनी विचारलं.

वस्तऱ्याच्या खिशात ब्रश असायचाच. त्याने तात्यांच्या पावलाला दाढीसारखा भरपूर फेस लावला, मोजा चढवला, वर पुन्हा फेस थापला. "दुखलं तर सांगा."

"दुखायला पायाला कळायला पाहिजे ना."

"मग बरंच आहे की," वस्तऱ्या म्हणाला आणि त्याने जोर लावला.

तात्या उठले, चालले. पायऱ्या चढले, धावले, पडले, पुन्हा उठले. ऑपरेटर सारखं "अजून एकदा सर" म्हणत राहिला. शेवटी दिव्यांच्या गोलात बसवून त्यांच्या तोंडाचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले.

"बघितलंस?" तात्या वस्तऱ्याला म्हणाले. "तोंड घेतलं."

बूट काढला तेव्हा फेस गुलाबी झाला होता. वस्तऱ्याने मोजा बेसिनमध्ये धुतला, पिळला, पुन्हा चढवला.

"काकूला बोलू नकोस."

तो बोलला नाही. पाय काळा पडायला लागला तेव्हाही नाही.

डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय कापला. वॉर्डात काकूंनी विचारलं, "बूट कोणी चढवला?"

"मीच," तात्या म्हणाले.

वस्तऱ्या सलाइनच्या बाटलीकडे बघत उभा होता.

"मोज्याला साबणाचा वास येत होता," काकू म्हणाल्या आणि सफरचंद चिरत राहिल्या.

पिक्चर लागला तेव्हा अख्खी गल्ली गेली. तात्यांची व्हीलचेअर रांगेच्या कडेला लावली. पत्रोबा डावा पाय ओढत धुरातून बाहेर आला आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. शेवटी त्याने हेल्मेट काढलं. आत दुसराच एक तरणाबांड, गुळगुळीत गालांचा हिरो होता.

तात्यांनी पुढे वाकून पडद्यावरचे पाय पाहिले. मग म्हणाले, "पाय बरोबर टाकलाय."

दुसऱ्या दिवशी मास्तर वस्तऱ्याच्या दुकानात आला. "पैजेचं सोड रे. गंमत होती ती."

खुर्चीत तात्या होते. "सोड कसं? भर बाजारातून चालेन म्हणाला होता ना?"

बाजार भरला. वस्तऱ्याने दुकानातली बादली डोक्यावर उलटी घातली. कडेखालून फक्त स्वतःची पावलं दिसत होती. तो पाय ओढायला लागला.

"डावा रे," व्हीलचेअरवरून तात्यांचा आवाज आला. "उजवा नाही."

लोक हसले. तेवढ्यात बादलीच्या कडेखाली एक पत्र्याचा बूट येऊन टेकला. बूट ठेवणारा हात काकूंचा होता.

"हा घाल," काकू म्हणाल्या. "साबण लावून देऊ?"

वस्तऱ्याने खाली बसून बूट घातला. साबण न लावता. टाच आत जाताना कातडी सोलवटली. तो उठला, पाऊल टाकलं, आणि काही न करता चाल आपोआप आली.

"अरे, पत्रोबा!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. पोरं मागे लागली, सगळी डावा पाय ओढत.

बादलीत स्वतःचाच श्वास गरम होऊन तोंडावर येत होता. नाक वाहत होतं, डोळेही. बाहेर लोक खुशीत होते.

चौकाशी मास्तरने दंड धरला. "फिटली पैज. काढ बादली."

"राहू दे," मागून तात्या म्हणाले. "शेवटच्या दुकानापर्यंत जाऊ दे."

वस्तऱ्याने दंड सोडवून घेतला आणि डावा पाय ओढला.