वहिनींचा कॉम्प्युटर आणि तीन तज्ज्ञ

वहिनींचा कॉम्प्युटर सकाळपासून पुन्हा हँग होत होता आणि घरातले तिन्ही तज्ज्ञ त्याच्याभोवती जमले होते. तज्ज्ञ हा शब्द त्यांचा, वहिनींचा नव्हे. वहिनींच्या मते तिघांची अक्कल एकत्र केली असती तरी एक माउस धड हलला नसता.

पहिले तज्ज्ञ म्हणजे त्यांचे यजमान. काहीही बिघडलं की "मला हे आधीच माहीत होतं" एवढंच ते म्हणत. दुसरे धाकटे दीर, ज्यांना स्क्रू दिसला की तो फिरवल्याशिवाय चैन पडत नसे. आणि तिसरे जावईबापू. त्यांच्याबद्दल कुणी काही बोलायचं नसतं, म्हणून ते स्वतःच स्वतःबद्दल भरपूर बोलत.

चार वाजता वहिनींची परीक्षा होती. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायची नोकरी. पूर्वी त्या हेच काम करत आणि ऑफिसात त्यांच्या बोटांचा दबदबा होता. सासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा ते सुटलं. आता सासूबाई नव्हत्या, मुलगी सासरी गेली होती आणि घरात बसून बसून वहिनींचा जीव आंबला होता. ही नोकरी त्यांना हवी होती, बोलून दाखवायची लाज वाटावी इतकी हवी होती. परीक्षा घरूनच द्यायची होती, पण मध्ये कॉम्प्युटर अडकला तर पुन्हा संधी नव्हती.

"धूळ! दुसरं काही नाही," दीर म्हणाले. त्यांनी डबा उघडून फुंकर मारली. सगळी धूळ वहिनींच्या उशांवर जाऊन बसली. कॉम्प्युटर सुरू झाला, थोडा घुरघुरला आणि हँग झाला.

मग जावईबापू सरसावले. खूप वेळ खाटखूट करून विजयी मुद्रेनं म्हणाले, "आई, तुमच्या फाइल्स फार झाल्या होत्या. मी जागा मोकळी केली."

"कुठल्या फाइल्स?"

"त्या कुणाकुणाच्या आवाजाच्या होत्या ना, त्या."

वहिनींच्या सरावाची सगळी रेकॉर्डिंग गेली होती. जावयाला शिव्या देता येत नाहीत, म्हणून वहिनींनी त्या गिळल्या. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पुन्हा हँग झाला.

"मला हे आधीच माहीत होतं," यजमान म्हणाले. "अगं, सगळा दोष कॉम्प्युटरचाच कशाला? इतक्या वर्षांनी तुझ्या बोटांना तरी तो वेग राहिलाय का?"

हे मात्र वहिनींना लागलं. कारण तीच धास्ती त्यांना महिनाभर होती.

तेवढ्यात स्क्रीनवर एक चौकट उगवली आणि यजमानांनी न वाचताच 'नंतर विचारा' दाबलं. वहिनींना आठवलं, मघाशी दिरांनीही हेच केलं होतं, आणि जावयानंही.

"अहो, काय लिहिलंय ते वाचू तरी द्या."

"ते नेहमीचंच असतं गं."

वहिनींनी माउस त्यांच्या हातातून काढून घेतला, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि चौकट आली तशी मोठ्यानं वाचली. "या कॉम्प्युटरवर तीन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू आहेत. ते एकमेकांना अडवत असल्यामुळे कॉम्प्युटर मंद झाला आहे. दोन काढून टाकायचे का?"

वहिनींनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"तीन कुणी टाकले?"

एकेकानं एकेक टाकला होता. आणि चौकट तिघांनीही पहिल्यांदा आली तेव्हाच वाचलेली होती.

"धाकट्यानं एवढ्या हौसेनं टाकलेला," यजमान म्हणाले. "काढला तर त्याला काय वाटेल?"

"दादांचा मी कसा काढणार, वहिनी?"

"आणि सासरच्या गोष्टीत मी ढवळाढवळ करणं बरं दिसत नाही," जावईबापू म्हणाले. ज्यांची रेकॉर्डिंग त्यांनी नुकतीच उडवली होती, त्या समोरच उभ्या होत्या.

"म्हणजे तुम्ही सकाळपासून एकमेकांचा मान राखत बसलात," वहिनी म्हणाल्या, "आणि खोळंबा माझा!"

"बरं, माझा काढा," दीर म्हणाले.

"छे छे, माझा काढा."

"असं कसं, बाबा? माझाच काढू या."

हे 'पहले आप' संध्याकाळपर्यंत चाललं असतं. वहिनींनी दाराकडे बोट केलं. "तिघंही बाहेर बसा."

त्यांनी तिन्ही काढायला घेतले. कॉम्प्युटरबरोबर आलेला चौथा मुळातच होता, त्या बिचाऱ्याला कुणी काम करू दिलं नव्हतं. पहिला गेला, दुसरा गेला. तिसरा मात्र जाता जाता अडून बसला. "आम्हाला का काढत आहात? आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." खाली लिहायला भलीमोठी रिकामी जागा होती.

वहिनींना आधी हसू आलं. मग एकदम डोळे भरून आले. नोकरी सोडायची ठरली तेव्हा त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. आज फाइल्स पुसतानाही नाही. यंत्राचं हे बोलणं निव्वळ खोटं आहे हे कळत असूनही त्या सावरून बसल्या आणि लिहू लागल्या.

बोटं सुटली. कॉम्प्युटर अडकला नाही, बोटंही अडकली नाहीत. ओळीमागून ओळ भरत गेली आणि खटखट बाहेर ऐकू जाऊ लागली.

यजमान दारात आले. "सुरू झाली का परीक्षा?"

"चारला अजून अवकाश आहे," वहिनी मान न वळवता म्हणाल्या. "आधी माझं सांगून होऊ दे."