नळी कुणाच्या ताटात

रंगूबाईनं गावातल्या बोकडाचा एकच वाटा घेतला होता. लेक अंजना, जावई ज्ञानू आणि व्याही लालासाहेब, एवढीच माणसं येणार होती. पण खंडाळ्याची एसटी फाट्यावर थांबली आणि तिच्यातून लालासाहेबांची अख्खी भावकी उतरली. नऊ माणसं! आणि बोकडाचे वाटे तर सकाळीच संपलेले.

"ह्यो सुभेदार मुद्दाम करतोय," रंगूबाईचा नवरा नाथाजी परड्यात येऊन कुजबुजला. "आता गं?"

मुद्दामच, त्यात काय शंका! लग्नात वऱ्हाडाला रस्सा पुरला नव्हता. पलटणीतनं सुभेदार होऊन परतलेल्या लालासाहेबांनी ती गोष्ट तेव्हापासून जिभेवर घोळवली होती. आता अंजनाला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण सुभेदारांचा निरोप आला होता, "जिथं पावण्याला रस्सा पुरत न्हाई, तिथं सून कशी ठिवू? जेवून बघतो, मग ठरवतो." म्हणजे आज पातेलं आटलं की लेक संध्याकाळच्या गाडीनं परत.

अंजनानं पाया पडायला हात पुढं केले, तर काडीसारख्या मनगटांवरनं बांगड्या घसरून पार बोटांपर्यंत आल्या. रंगूबाईनं ते पाहिलं. आणि मग तिला असा राग आला, असा राग आला, की भीतीबिती सगळी चुलीत गेली.

"पाणी वाढव अन् तिखट झोक," वाटण वाटायला आलेली शेजारीण राहीबाई म्हणाली.

"पाण्यानं रस्सा वाढंल, अब्रू कशी वाढंल?" रंगूबाईनं पदर खोचला. "तू कांदा-खोबरं भाज, हात आखडू नगंस. आन् आवं, तुमी काय बघत बसलाय? हाडं फोडा, समदा रस उतरू द्या. आतल्या मगजासकट नळी तेवढी अख्खी ठिवा."

परड्यातल्या शेवग्याच्या शेंगा तिनं आकडीनं ओढल्या, वांगी खुडली, माच्याखालच्या टोपलीतले बटाटे काढले. राहीबाईचा हात पाट्यावरच थांबला.

"आगं बया! मटणात भाजीपाला? सोयऱ्यांम्होरं?"

"दुष्काळात एका मुंडीवर आपली दोन घरं जेवली. तवा बोटं चाटत हुतीस की!"

राहीबाई मुकाट वाटायला लागली.

हळद-मीठ लावलेलं मटण आधी चांगलं मऊ शिजलं. मग वाटण तेलात परतलं, तेल सुटेपर्यंत. बटाट्याच्या मोठ्या फोडी आधी, शेंगा नंतर, देठासकट चिरलेली वांगी सगळ्यात शेवटी. दाटपणाला भाजलेलं बाजरीचं पीठ. वर लालभडक तवंग आला आणि वास सोप्यापर्यंत गेला, तशी पावण्यांची बडबड आपोआप कमी झाली.

पंगत बसली. लालासाहेबांनी ताटातली शेंग दोन बोटांनी वर धरली.

"ईनबाई, मटणात भाजी हाय का भाजीत मटण?"

पंगत खदाखदा हसली. नाथाजीचं तोंड एवढंसं झालं.

"आदी भाकरी तर कुस्करा, पावणं," रंगूबाई दारातनं म्हणाली. "हसायला अख्खी दुपार पडलीया."

सुभेदारांनी कुस्करली. घास घेतला आणि पुढं बोललेच नाहीत. एक वाढप झालं, दुसरं झालं. मग त्यांना आपलं काम आठवलं. "घ्या रं, लाजू नगा!" ते भावकीला रेटायला लागले. भावकी हाणत होती, नाथाजी पळ्या ओतत होता, आणि पातेलं काही हटत नव्हतं. शेवटी सुभेदारांनीच ताटावर हात आडवा धरला. कपाळावरनं घाम निथळत होता.

"समदं झालं, पर नळी कुठाय? नळी जावयाच्या ताटात पडायची रीत हाय."

"हाय की. ठिवलीया." रंगूबाईनं नळी पळीत घेतली, आणि चुलीपाशी बसलेल्या अंजनाच्या ताटात टाकली. "जिच्या पोटात दोन जीव, तिची नळी."

पावण्यांचं जेवण उरकायच्या आधी सुनेचं ताट, आणि वर जावयाची नळी!

"बरं झालं, मामी," ज्ञानू ताटाकडंच बघत म्हणाला. "आमच्यात तिला नुस्ता तळाचा रस्सा मिळतो. त्योबी उरला तर."

लालासाहेबांनी पोराकडं पाहिलं, मग आतल्या सुनेकडं. त्या घसरलेल्या बांगड्या त्यांना आज पहिल्यांदाच दिसल्या असाव्यात. हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी परत ताटात ठेवला.

"ईनबाई, पातेल्यात हाय का आजून?"

"हाय. तुमच्या मालकिणीला डबाबी भरलाय."

"मंग डबाच द्या," सुभेदार खालच्या आवाजात म्हणाले. "पोरीला ऱ्हाऊ द्या."

आत अंजना नळी ताटावर आपटत होती, ठक, ठक, ठक, आणि बाहेर सगळे पुरुष ते ऐकत बसले होते.