धुमेची कणीक

राम कृष्ण हरी, मित्रांनो! सुरतेजवळच्या उधन्याच्या विठ्ठलमंदिरात वीणेशेजारी जो काळपट, पोटाशी फुगलेला जुना पखवाज दिसतो ना, तो मी. धरणगावच्या एका कारागिराने मला शिसवाच्या खोडातून कोरलं आणि दोन्ही तोंडांवर कातडं ताणून बसवलं. माझ्या उजव्या तोंडावर कायमची शाई आहे. डाव्याला, म्हणजे धुमेला, दर वेळी ओली कणीक थापावी लागते. ती असली तरच माझा आवाज पोटातून येतो.

खानदेशातून पोटासाठी सुरतेला आलेल्या माणसांच्या सामानात मीही आलो. माझे वादक काशिनाथबाप्पा, पांडेसऱ्याच्या एका रंगाई मिलमध्ये फिटर. आमचे चांगले दिवस होते. कीर्तनकार आधी माझ्याकडे पाहून मग अभंग उचलत. पुढे मंदिराच्या भजनी मंडळाने ताल देणारं यंत्र आणलं आणि मी चार वर्षं पोटमाळ्यावर पडून राहिलो. यंत्र बिघडलं तेव्हा मला खाली उतरवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. वाट पाहणं लाकडाला जमतं.

त्याच सुमारास तैवानहून लिन आला. बाप्पांच्या मिलमध्ये नवं यंत्र बसवायला तीन महिन्यांसाठी आलेला माणूस दोन वर्षं राहिला. एका एकादशीला बाप्पांनी त्याला कीर्तनाला आणलं. शब्द एक कळेना, पण माझ्यावरची नजर हटेना. मग दर रविवारी तो बाप्पांसमोर शिकायला बसू लागला. मांडी घालून बसता यायला महिना गेला, हात बसायला वर्ष. बाप्पा भर कीर्तनात मला कुणाच्या हाती देत नसत. लिनचं मागणं मात्र तेवढंच होतं.

"बाप्पा, जाने से पहले एक बार. कीर्तन में."

त्याचा इथला शेवटचा दिवस नेमका सप्ताहाच्या काल्याचा निघाला. कीर्तन सकाळी, त्याला निघायचं दुपारी. "शेवटचा अभंग तुझा," बाप्पा म्हणाले.

लिनला सामान बांधता बांधता उशीर झाला. तो घामाघूम होऊन आला तेव्हा कीर्तनकार महाराज शेवटच्या अभंगाशी पोचले होते. कणीक मळायला वेळ कुठला? मांडवामागे स्वयंपाक सांभाळणाऱ्या सरलाबाईंनी महाप्रसादासाठी परातभर कणीक भिजवून झाकली होती. त्याने त्यातलाच गोळा उचलला, धुमेवर थापला आणि मला पुढ्यात घेऊन बसला.

पहिला चरण बरा गेला. दुसऱ्याला गोळा सरकला. तिसऱ्याला तो सुटून थेट टाळकऱ्याच्या पायावर पडला आणि मी रिकाम्या डब्यासारखा वाजलो.

"अवं माय! हाई तर पुरीनी कणीक से!" सरलाबाई मागून ओरडल्या. "तेल टाकेल से मी तिनामा!"

मांडव हसला. लिनचे कान लाल झाले. त्याने मला हळूच बाप्पांकडे सरकवलं. बाप्पांनी हात मागे घेतले.

"मले काय देस? पुस. नवी मळ."

महाराज मोठ्या मनाचे. "देवाच्या काल्यात आज कणीकही उतरली, माउली! तोवर म्हणा, जय जय रामकृष्ण हरी!" टाळ सुरू झाले. सरलाबाईंनी कोरं पीठ आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. लिनने पिठाने तेल टिपलं, नवा गोळा मळला, थापला, आवाज पाहिला, चिमूटभर काढला, पुन्हा पाहिला. महाराजांनी अभंग पहिल्यापासून उचलला.

खरं सांगायचं तर मधे एकदा त्याची लय पुढे धावली. महाराजांनी सांभाळून घेतलं. शेवटची सम मात्र अशी पडली की बाप्पांनी डोळे मिटले.

मग रीतीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडले. बाप्पा लिनच्या पाया पडायला वाकले तेव्हा तो दचकून मागे सरला आणि मग स्वतःच त्यांच्या पायांवर डोकं टेकवून बसला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. दोन पुऱ्या उभ्याउभ्या खाऊन तो गेला.

जेवणं उरकल्यावर बाप्पा मला गवसणीत घालायला आले. धुमेवरच्या कणकेत लिनच्या बोटांचे ठसे तसेच होते.

"ऱ्हाऊ द्या ना बाप्पा," सरलाबाई म्हणाल्या. "लेकराना हातनी से."

बाप्पा ठशांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वाळी जाई, कातडं फाटी जाई. मग तो परत उना ते काय वाजाडी?"

आणि अंगठ्याने त्यांनी ती सगळी कणीक खरवडून काढली, कडेचीसुद्धा. ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना हार नकोत, काचेचं कपाट नको. वाजवून झालं की आम्हाला स्वच्छ करून ठेवा, मग ती खूण कितीही प्रेमाच्या माणसाची असो. ज्याला यायचं असेल तो येईल आणि आपल्या हाताने नवी कणीक लावेल.