चाचणीच्या वाटेवरची धोंड

घाबरू नका, तुमच्या गळ्यातली नाही. मी वाटेतली धोंड. आणि तीही कुणी विसरून गेलेली नाही, मुद्दाम आणून ठेवलेली. माणसं रस्त्यातला दगड उचलून बाजूला टाकतात. मला मात्र ट्रकमध्ये पोती अंथरून, चौघांनी हात लावून, अगदी मानानं रस्त्यात आणून बसवलं. आमच्या कुळात एवढं भाग्य दुसऱ्या कुणाला लाभल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मी राहते ते गाड्यांच्या एका कारखान्यामागचं चाचणीचं मैदान. इथे चिखलाचा खड्डा आहे, वाळूचा चढ आहे, ओळीनं पुरलेले ओंडके आहेत आणि सगळ्यात शेवटी मी. माझ्या दोन्ही अंगांना दोन अरुंद पट्ट्या, पट्ट्यांच्या कडेला भक्कम कठडे. गाडीची चाकं पट्ट्यांवरून जातात आणि पोट माझ्या डोक्यावरून. मला टाळून जायची सोयच नाही. त्यामुळे तुम्ही गाड्यांना तोंडावरून ओळखता, मी खालून ओळखते. वरून काय हो, सगळ्याच नटूनथटून येतात.

मला इथे आणलं मोठ्या साहेबांनी. त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. जिथे रस्ता नाही तिथे जाईल, आणि आत बसलेला माणूस जसा चढला तसाच उतरेल, अशी गाडी करायची. लोक म्हणायचे, "साहेब, एक काहीतरी धरा. दणकट तरी करा, नाहीतर आरामाची तरी करा." साहेब ऐकतील तर ना! खिशात टेप घालून महिनाभर डोंगरातल्या वाटा फिरले आणि शेवटी मला पसंत केलं. उंची एक वीत आणि वर एक बोट. "हिला न घासता जाईल ती आमची गाडी," म्हणाले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझी उंची मोजली होती. खरं सांगते, लाजल्यासारखं झालं मला.

पहिल्या गाडीवर चालक होता तो चोवीस वर्षांचा पोरगा. गाडी माझ्याजवळ आली की तिच्याशीच बोलायचा, "सबुरीनं गं, सबुरीनं." झालं, त्याचं नाव सबुरी पडलं ते कायमचं. साहेबांनी त्याला विचारलं, "मागच्या सीटवर बसून खरं खरं सांगेल असं कुणी आहे का रे? आमच्या ऑफिसातले सगळे मला घाबरतात."

"आई आहे माझी," सबुरी म्हणाला. "ती कुणालाच घाबरत नाही."

अशी ती बाई माझ्या आयुष्यात आली. पहिली गाडी म्हणजे चार चाकांवर ठेवलेला पत्र्याचा पेटारा. वर ताडपत्री, बसायला फळी, आणि धक्के झेलायला चाकांवर लोखंडी पाटे, पण इतके कडक की माशी बसली तरी कळावं. माझ्यावरून मात्र ती झोकात गेली, पोट हातभर वर. गाडी थांबली तशी आई कंबर धरून उतरली.

"माझी हाडं मोजून घ्या कुणीतरी. एखादं आतच राहिलं असेल."

सगळे हसले, साहेब हसले नाहीत. त्यांनी वही काढून ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

नऊ-दहा वर्षांनी दुसरी गाडी आली. पाट्यांच्या जागी गोल स्प्रिंगा, फळीच्या जागी गुबगुबीत सीट, खिडक्यांना काचा, थंडीत पायांवर गरम वारा. माझ्यावरून गेली तेव्हा तिचं पोट मला थोडं जवळून दिसलं, पण गेली बिनबोभाट. आई आतून म्हणाली, "बसायला झकास आहे. पण चढू कशी? का मला खिडकीतून आत फेकायचा विचार आहे?" पुढच्या महिन्यात दाराखाली पायरी बसली. आज त्या पायरीचं कौतुक जाहिरातीत करतात. ती कुणाच्या गुडघ्यांमुळे आली ते मला माहीत आहे.

तिसरी तर राणीच. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या. कुणी चढायला आलं की आपण होऊन खाली बसायची आणि मी दिसले की वर उठायची. आत चामड्याच्या सीटा, लाकडाची नक्षी, आवाज म्हणाल तर स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. त्या दिवशी मैदान पार करून गाडी थांबली तर मागून काही बोलणंच येईना. सबुरी वळून बघतो तर आई गाढ झोपलेली! हलवून उठवली तेव्हा डोळे चोळत विचारते, "कधी निघतोय आपण?"

मोठे साहेब त्या दिवशी इतके खूश झाले की माझ्याजवळ येऊन माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं. थोड्याच दिवसांनी ते निवृत्त झाले. नंतर वारल्याचं कळलं. ऊन, वारा, तेल, चिखल, सगळं अंगावर घेतलंय मी, पण ते थोपटणं माझ्या अजून लक्षात आहे.

मग आली चौथी, आणि तिच्याबरोबर आल्या बाई. बाई म्हणजे चौथ्या गाडीच्या मुख्य इंजिनिअर. कामाला वाघीण. आठ वर्षं ही गाडी त्यांनी पोटच्या पोरासारखी वाढवली. वर काचेचं छत, पाठ रगडून देणाऱ्या सीटा, आणि इंजिनाच्या मदतीला पोटात बॅटरीचा जाडजूड थर. गाडी बाजारात यायचा दिवस जाहीर झालेला होता. पाच आठवडे उरले होते.

गाडी आली. आवाज नाही, धूर नाही, नुसती सावली सरकल्यासारखी आली. हवेच्या पिशव्या फुगल्या, ती जमेल तेवढी वर उठली. आणि माझ्या डोक्यावर आवाज झाला, कर्रर्र.

सबुरीनं ब्रेक दाबला. तो आता साठीला टेकला होता, कानशिलं पांढरी झाली होती. खाली उतरला, वाकून बघितलं आणि बाईंना म्हणाला, "दोन बोटं, बाई. दोन बोटं खाली आहे."

तिथे आणखी एक साहेब होते. तारखेशिवाय त्यांच्या तोंडात दुसरा विषय नसायचा, म्हणून मैदानावर सगळे त्यांना तारीखसाहेब म्हणायचे. ते म्हणाले, "एवढंच ना? मग धोंड तासून टाका दोन बोटं. तिला कोण मोजायला येतंय?"

"सर, पण चाचणी..." बाई म्हणाल्या.

"चाचणी आपली, धोंड आपली. पोट वर घ्यायचं म्हणजे अख्खा तळ नव्यानं करायचा. सहा-सात महिने सहज जातील. आणि बाई, तोवर त्या खुर्चीवर तुम्हीच असाल असं काही मी सांगू शकत नाही."

बाईंनी गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "तासा." माझ्याकडे न बघताच म्हणाल्या.

मी त्यांच्यावर रागावले नाही. आठ वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत पाण्यात जाताना बघणं काही सोपं नसतं. पण भीती वाटली. दोन बोटांनी मी काही मरणार नव्हते. भीती वेगळीच होती. त्यानंतर माझ्यावरून जी गाडी जाईल ती पास म्हणवून घेणार, आणि ते खोटं मी डोक्यावर घेऊन बसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथरवट आला. छिन्नी लावली, हातोडा मारला. माझ्या कडेची एक कपची उडाली. त्यानं दुसऱ्यांदा हातोडा उचलला तोच मागून आवाज आला, "अरे थांब, थांब! काय चाललंय?"

सबुरीची आई. नव्या गाडीत बसायला म्हणून सबुरी नेहमीप्रमाणे तिला घेऊन आला होता. आता अठ्ठ्याहत्तरीची म्हातारी, हातात काठी, पण जीभ तशीच. सगळे तिला आजी म्हणायला लागले होते.

"आजी, लांब व्हा, डोळ्यात कपची जाईल," पाथरवट म्हणाला.

आजी लांब कसली होतेय! ठुकठुक करत आली आणि सरळ माझ्यावर बसली.

बाई धावत आल्या. "आजी, उठा ना. आत गाडीत बसा, एसी लावते."

"बसू दे गं. इतकी वर्षं हिच्यावरून गेले, आज जरा हिच्यावर बसते. हिला का फोडताय?"

बाईंनी खरं ते सांगितलं. काही लपवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. आजीनं सगळं ऐकून घेतलं.

"सबुरीच्या पाठीवर मला एक मुलगी होती," ती म्हणाली.

"आई, नको," सबुरी पुटपुटला.

"का नको? ऐकू दे तिला. आम्ही तेव्हा डोंगरात राहायचो. पोरगी तापानं फणफणलेली. डॉक्टर सकाळीच निघाले होते. गाडी होती त्यांच्याकडे, चांगली, नवी. चढाच्या आधी अशाच एका धोंडेवर तिचं पोट टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. बिचारे पुढचं सगळं अंतर पायी चालत आले. दिवेलागणीला पोहोचले. तोवर संपलं होतं सगळं." आजीनं काठी मांडीवर आडवी ठेवली. "त्यांना मी चहा करून दिला. दुसरं काय करणार होते?"

पाथरवटानं हातोडा खाली ठेवला. बाई आजीजवळ उकिडव्या बसल्या. मग त्या म्हणाल्या, "आजी, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत."

"कुणी विचारलं? तुम्ही लोक विचारायचात, आजी, बसायला कसं वाटतंय? मी बसायला कसं वाटतंय ते सांगायचे. पण पोराला इथे नोकरीला मीच लावलं होतं. दर वेळी मी कशाला यायचे वाटतं तुला? गादी दाबून बघायला? ही पार झाली का, तेवढं बघायला यायचे." तिनं बाईंचा हात धरला. "गाडी सुरेख केलीस गं, बाळा. इतकी सुरेख गाडी मी पाहिलेली नाही. पण ही तासलीस तर ही लहान होईल. तिकडच्या, डोंगरातल्या होणार आहेत का?"

बाईंनी डोळे पुसले. पाथरवटाला म्हणाल्या, "दादा, तुम्ही जा. तुमचा वेळ घेतला, माफ करा." आणि तशाच तारीखसाहेबांच्या खोलीकडे चालू लागल्या.

त्या खोलीत काय झालं ते मला कसं कळणार? पण परिणाम कळला. गाडीचा दिवस पुढे गेला, आणि बाईंची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. घरी बसल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी त्या दुसऱ्याच्या हाताखाली, त्याच गाडीवर काम मागून घेतलं. सात महिने बॅटरीचा थर पातळ करून सीटांखाली पसरण्यात गेले. त्यांच्या नाकी नऊ आले.

सात महिन्यांनी गाडी पुन्हा आली. खुर्चीवरचे नवे साहेब फाईल घेऊन कठड्याशी उभे. सबुरीचा नोकरीतला शेवटचा महिना. मागे आजी. आणि बाई? बाई चक्क माझ्या शेजारी, कठड्यापलीकडे धुळीत पालथ्या पडलेल्या, कठड्याच्या फटीतून मान वाकडी करून खाली बघत.

"सबुरीनं गं, सबुरीनं."

सावली आली. चाकं दोन्ही अंगांनी सरकली. मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. माझं डोकं आणि तिचं पोट यांच्यामध्ये बोटभर उजेड होता. त्या उजेडातून मला पलीकडे बाईंचे डोळे दिसले. उजेड पुढे पुढे गेला, कुठेही तुटला नाही. मग एकदम वर आभाळ दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

आजीनं काच खाली केली. "अगं, गेली का?"

"गेली! आजी, गेली!"

"मग रडतेस कशाला? ऊठ, कपडे बघ तुझे!"

या गोष्टीलाही आता दोन वर्षं झाली. सबुरी घरी असतो. आजीला फार चालवत नाही, पण मैदानावरचे लोक सांगतात की जीभ अजून ठणठणीत आहे. पाचव्या गाडीचं म्हणे कागदावर चित्र काढायला घेतलंय, आणि ते काम पुन्हा बाईंकडे दिलंय. ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. मोठ्या साहेबांनी मला उचललं तेही अशाच एका डोंगरवाटेवरून. डॉक्टरांची गाडी अडली ती माझ्यावर की माझ्या एखाद्या बहिणीवर, मला ठाऊक नाही. वाटेत पडलेल्या धोंडेला, कोण आलं आणि कोण अडलं, याची कुठे खबर असते? म्हातारीलाही हा विचार सुचला असेल. तरी ती माझ्यावर बसली, हात टेकून बसली, आणि मला वाचवलं.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. गाडीला हवं ते लावा, सोफे लावा, गाणी लावा, पाळणा लावा. मला मात्र आहे तेवढीच राहू द्या. मी इथे अडवते, ते तिथे कुणी अडू नये म्हणून. दगडाच्या जन्माला येऊन मला हे काम मिळालं. ज्यांनी ते दिलं आणि ज्यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं नाही, त्या सगळ्यांची मी फार फार ऋणी आहे.