भट्टीवालीची ओटी

"तिची सावली पडत नाय म्हणतात," रिक्षावाला सदू आरशातून मागं बघत म्हणाला. "आणि अवसेला बंद चिमणीतून धूर येतो. माझ्या मेव्हण्यानं डोळ्यांनी बघितलाय."

"मेव्हणा शुद्धीत होता का तुमचा?" दर्शनानं विचारलं.

"तेची ग्यारंटी मी नाय देत," सदू हसला. "पण वहिनी, भट्टीवालीची मस्करी नको हां. पावते ती."

दर्शनाचा हात आपसूक पोटावर गेला. चौथा महिना चालू होता. याआधी दोनदा चौथ्यातच सगळं संपलं होतं.

शेजारी कमलाबाई ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दर्शना त्यांची नातसून. तिच्या मदतीला म्हणून त्या चार दिवसांपूर्वी संगमेश्वराकडच्या आपल्या गावाहून आल्या होत्या. काल तांदूळ निवडताना दर्शना म्हणाली, "आजी, उद्या कौलांच्या जुन्या कारखान्यात जाऊ. भट्टीवालीची ओटी भरायचीय. गंगा नाव तिचं. एकोणीस वर्षांची होती. भट्टीत जळून गेली."

कमलाबाईंचा हात सुपातच थांबला होता.

एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्यांचंच नाव गंगा होतं. त्या कारखान्यात त्या ओल्या कौलांच्या कडा तासायच्या. घरच्यांनी भलत्याच ठिकाणी सुपारी फोडली, तेव्हा एका दुपारी त्या कौलांच्या ट्रकमध्ये पेंढ्यात लपून बसल्या आणि ट्रक चालवणाऱ्या रघूबरोबर निघून गेल्या. मार्लेश्वराच्या पायरीवर लग्न झालं, गंगाची कमला झाली. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षं त्यांनी रत्नागिरीत पाऊल टाकलं नव्हतं. नातवानं इथं बिऱ्हाड केलं, तरी काही ना काही निमित्त काढून त्या टाळत राहिल्या. आपण इथं मेलो आहोत आणि देवी झालो आहोत, हे त्यांना कालच कळलं.

रात्रभर त्यांनी एकच वाक्य जुळवलं होतं. 'अगो, ती मीच.' तिथं जाऊन एवढंच म्हणायचं. रघू जाऊन तीन वर्षं झाली होती. आता कोणाला भ्यायचं?

रिक्षा खाडीकाठी थांबली. कमलाबाईंनी वर बघितलं. चिमणी तशीच होती. उलट वाढल्यासारखी वाटत होती. छपरं गेली होती. चिऱ्यांच्या भिंतींवरून वडाची मुळं उतरली होती, आणि जिथं दोनशे माणसांचा कालवा असायचा तिथं आता पानाचासुद्धा आवाज नव्हता. इथं मोठ्यानं बोलावं असं कोणालाच वाटलं नसतं. सदूसुद्धा रिक्षाचं इंजिन बंद करून चपला काढून उभा राहिला.

भट्टीच्या तोंडाशी पासष्टीची एक बाई वाती वळत बसली होती. तिचं नाव तुळसा. इथला दिवा तीच सांभाळायची.

"ये बाय," ती दर्शनाला म्हणाली. मग कमलाबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे तिची नजर गेली. "आजी, तुमी भायेर बसा हां. सवाष्णींचा ठाव हाय हा."

"आमच्याकडे असलं काही मानत नाहीत," दर्शना फटकन म्हणाली. "त्या माझ्याबरोबर आत येणार."

"ऱ्हाऊ दे गो," कमलाबाई पुटपुटल्या. पण दर्शनानं त्यांचा हात धरून त्यांना आत नेलंसुद्धा.

आत गाभाऱ्यासारखा गारवा होता. वरच्या कमानीला जळण टाकायची भोकं होती, त्यांतून उजेडाच्या काठ्या खाली उतरल्या होत्या. शेकडो आगींनी भिंतींचे चिरे वितळून काचेसारखे झाले होते, काळेहिरवे, ओलसर चमकणारे. याच भट्टीत डोक्यावरून कौलं वाहून कमलाबाईंनी थर लावून दिले होते. तेव्हा घामापुढं काही दिसलं नव्हतं. आता त्यांना वाटलं, इतकं सुंदर होतं हे?

आणि समोरच्या भिंतीपाशी बांगड्या होत्या. हिरव्या बांगड्यांचा ढीग. खण, नारळ, विरलेल्या साड्या. किती बायका येऊन गेल्या असतील! प्रत्येकीचं काहीतरी दुखत होतं, आणि प्रत्येकीनं ते 'गंगा' या नावापुढं ठेवलं होतं. ढिगाच्या वर, कोनाड्यात एक कौल उभं होतं. त्यावर हळदीकुंकवानं माखलेला एका हाताचा ठसा.

"त्या दिवशी भट्टी लिंपून बंद केली," तुळसा सांगू लागली. "सगळी माणसां चपला भायेर काढून काम करायची. सांजच्याला सगळ्यांनी आपापल्या चपला घातल्या, आणि एक जोड उरला. गंगाचा. भट्टी तर पेटलेली! उघडणार कोण? आठव्या दिवशी उघडली तर आत निसती कौलां. आणि एका कौलावर ह्यो हात."

"केवढासा आहे," दर्शना कुजबुजली. "लहान मुलीसारखा."

माती भाजली की आटते, कमलाबाईंच्या मनात आलं. निघायच्या काही दिवस आधी, कौल ओलं असताना त्यांनी आपला पंजा त्यावर दाबला होता. भट्टीनं तो लहान करून ठेवला होता.

"आणि तिच्या घरचे?" त्यांनी विचारलं.

"बापूस होता ना, हरिश्चंद्र. साच्यावर काम करायचा. तेनं आंघोळ केली, तेरावा केला. वर्षश्राद्ध पण घातला."

वर्षश्राद्ध. लग्नानंतर महिन्याभरातच रघूनं बाबांना कार्ड टाकलं होतं : 'सुखात आहे, रागावू नका.' वर्षात तीन कार्डं गेली. उत्तर एकाचंही नाही. म्हणजे कार्डं हातात असताना बाबांनी पिंड ठेवला होता. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. पळून गेलेल्या पोरीपेक्षा जळालेली पोर बरी. यालाच त्या इतकी वर्षं भीत होत्या. आता निदान बोलून टाकावं. त्यांनी तोंड उघडलं.

"पण डोक्यावर परिणाम झाला वो तेच्या," तुळसा वात पुढं सारत म्हणाली. "दर चैतात यायचा. खण, नारळ, बांगड्या घेऊन. इथली पयली ओटी तेनं भरली. मी तेव्हा परकर घालायची, आईसंगती यायची. लोकं भट्टीवालीकडं मागायची. ह्यो काय मागायचा नाय. हात जोडून म्हणायचा, 'नवऱ्याच्या घरी सुखी रहा.' मी एकदा म्हटला, 'आबा, मेलेल्या पोरीचा नवरा कसला?' तर नुसता हसला. मरेपर्यंत यायचा. वीसेक वर्षां."

खाडीवरून आलेला वारा चिमणीत शिरला आणि भट्टीभर एक खोल घुमारा फिरला. तुळसानं हात जोडले. दर्शनाचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. तिनं मूठ मूठ तांदूळ त्या लहानशा हातापुढं सोडले, खण ठेवला, नारळ ठेवला. तिचा चेहरा इतका उघडा पडला होता की कमलाबाईंना बघवेना.

जिभेवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं.

"आजी," दर्शना डोळे पुसत म्हणाली, "तुम्हीपण मागा ना तिच्याकडे. तुमचं ऐकेल."

"ऐकेल गो," कमलाबाई म्हणाल्या. "सगळा नीट होईल तुझा."

माहेरच्या माणसाकडून आपली ओटी कधी भरली गेली नाही, असंच त्या आजवर समजत होत्या. रघू गेल्यावर तर कोणीच भरली नव्हती. त्या हळूहळू गुडघ्यांवर टेकल्या. विटक्या लुगड्याचा पदर त्यांनी दोन्ही हातांनी कौलापुढं पसरला, आणि मान खाली घालून बराच वेळ तशाच बसल्या. तुळसानं सरकून त्यांना जागा दिली.

मग त्यांनी पदराची टोकं एकत्र घेतली, कमरेशी खोचली, आणि दर्शनाच्या आधारानं उठल्या. "सांभाळून हां आजी," सदूनं बाहेरून हाक दिली. उतरणीवर कमलाबाई सावकाश पाऊल टाकत होत्या. एक हात दर्शनाच्या खांद्यावर होता. दुसऱ्यानं त्यांनी पदर खालून उचलून धरला होता, आतलं काही सांडू नये असा.