तुळजाबाईची बाज

वसंताचा गोऱ्हा औताला जुंपला की नांगराची थोडी तासं, म्हणजे चार-दोन रेघा, नीट चालायचा आणि मध्येच फतकल मारून बसायचा. मग शेपूट पिरगाळा की पुराणी टोचा, उठायचं नाव घ्यायचा नाही. शेवटी वसंतानं त्याला दावं लावून राजूरच्या अलीकडच्या वस्तीवर बद्रीनाथाकडं आणलं. ट्रॅक्टर गावोगाव झाले, तरी ज्याचं रान थोडं तो अजून बैलच ठेवायचा, आणि गोऱ्हा औताला शिकवावा तर बद्रीनाथानंच, असं त्या भागात सगळे म्हणत.

गोऱ्हा काळ्या ढेकळांत बसला तसा वसंतानं खिशातून सरकीच्या ढेपेचा तुकडा काढून त्याच्या नाकापुढं धरला. गोऱ्हा उठला.

"हे बघा नाना, हे दाखवलं की उठतो."

बद्रीनाथ हसला. "आरं, बसायला शिकवलं तू त्याला. बसलं की ढेप भेटती, हे त्यानं बराबर हेरलं. चालताना दिल्ती का कधी?"

"चालताना कशाला द्यायची?"

"मंग तं झालं. आन् मारायचं तं चुकल्याबरुबर मारायचं. मागून मारलं तं त्याला कळतच न्हाई, कशापायी मारलं."

गोऱ्हा ठेवून घेतला. तो बसला की बद्रीनाथ तिकडं बघायचासुद्धा नाही, बांधावर तंबाखू मळत बसायचा. तास पुरं करून आला की ढेप द्यायचा. तास सोडून पळाला की तिथंच वेसणीला हिसका.

घरी वेगळाच ताप होता. आई, तुळजाबाई, मागच्या हिवाळ्यात लकव्यानं एका अंगानं लुळी पडलेली. तिची बाज ओसरीत. तिथून गल्ली दिसायची, दुधाची किटली घेऊन जाणाऱ्याला ती विचारायची, म्हैस आटली का रे. पण गल्ली रिकामी झाली की हाका सुरू. पाणी दे, गोधडी सरकव, माशी हाकल. कधी तर बद्रीनाथ धावत जायचा आणि ती म्हणायची, "काई न्हाई, बस जरा."

एका संध्याकाळी बेबीनंदा भाकरी तव्यावर टाकून पुन्हा उठली, तेव्हा त्यानं बायकोला थांबवलं.

"आपुनच लावली तिला ही सवय. गप असली की आपुन जातो का? हाक मारली की पळतो."

"मंग काय करावं?"

"हाकेला जायचं न्हाई. गप बसली की चहा घिऊन जायचं."

हाका वाढल्या. तुळजाबाई रडायला लागली. ढेप बंद केली की गोऱ्हाही आधी जास्तच अडतो, हे बद्रीनाथाला ठाऊक होतं. पण भिंतीपलीकडून शेजारच्या सगुणाबाईनं विचारलं, "म्हातारीला कोनी बघतं का न्हाई?" आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं बाज उचलून आतल्या खोलीत नेली. ज्वारीच्या पोत्यांची खोली, खिडकी नाही. आई गप झाली की बाज पुन्हा ओसरीत, आणि वर चहा. पुन्हा हाक आली, की पुन्हा आत.

"मला बरं न्हाई वाटून राह्यलं हे," बेबीनंदा म्हणाली.

"जरा कळ काढ."

तुळजाबाई लवकर शिकली. घर शांत झालं. बद्रीनाथ पारावर सांगायचा, माय आता शहाणी झाली.

दसऱ्यानंतरच्या उन्हात कापूस फुटला. नवरा-बायको सकाळीच वेचणीला गेले. दिवस कलताना परत आले तर तुळजाबाई बाजेवरून खाली पडलेली. तांब्या दूर घरंगळलेला, लुगडं ओलं, लुळ्या हाताचं मनगट सुजून टुम्म. पाणी घ्यायला वाकली होती आणि तोल गेला होता. भिंतीपलीकडं सगुणाबाई दिवसभर शेंगा फोडत बसली होती. एक हाक पुरली असती.

भोकरदनच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं. "आजी, ओरडायचं ना जरा." तुळजाबाईनं मुलाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरनंही मग बद्रीनाथाकडं पाहिलं. तो बिलाच्या खिडकीकडं गेला.

परतताना रिक्षात त्यानं विचारलं, "माय, सगुणाबाईला आवाज का न्हाई दिला?"

"दिला असता. पर तू परत आत टाकलं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आज ऊन जास्त आहे म्हणावं तसं. मग म्हणाली, "वसरीतून गल्ली दिसती मला."



गोऱ्हा शिकून घरी गेला. आठवड्यानं वसंता राजूरच्या गणपतीचे पेढे घेऊन आला. "नाना, दिसभर चालतो. काय हात हाय तुमचा. माझ्या मेव्हन्याचा बी एक गोऱ्हा हाय, आनू का?"

"न्हाई घेनार आता."

"का बरं?"

बद्रीनाथानं पेढा हातातच ठेवला. जनावराला शिकवतात तसं आईला शिकवलं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? वसंता गेल्यावर त्यानं पेढा आईला भरवला.

"माय, लागल तवा हाक मार. मी येतो. बाज हितून हालनार न्हाई."

"हां," ती म्हणाली.

पण मारली नाही. तांब्या रिकामा दिसायचा तेव्हाच कळायचं की तहान लागली होती. गोधडी पायाशी गोळा होऊन पडलेली असायची, ती कुडकुडत गप. बद्रीनाथ जवळ बसून राहायचा, तर म्हणायची, "जा बाबा, काम खोळंबलं आसंल." पुराणीचं भय एकदा बसलेलं जनावर त्यानं पुष्कळ पाहिलं होतं. पुराणी फेकून दिली तरी हात वर गेला की ते अंग चोरतं. काही सुधारतात. काही नाही.

बेबीनंदानं वेचणी सोडली, ती घरी थांबू लागली. बद्रीनाथ दुपारी रानातून मुद्दाम घरी चक्कर टाकायचा. गल्लीच्या तोंडाशीच ओरडायचा, "माय, काई पायजे का?"

"न्हाई."

अंगणात येऊन पुन्हा, "पानी देऊ का?"

भिंतीवरून सगुणाबाई म्हणाली, "आता तूच हाका मारून राह्यला बद्री. म्हातारी तं बिलकुल चुप."

त्यानं तांब्या भरला, आईच्या चांगल्या हाताशी ठेवला. रानाकडं निघाला, आणि गल्लीच्या वळणावर थांबून, माणसं बघत असताना, पुन्हा एकदा ओरडला, "माय, जाऊ का मी?"

तो तिथंच उन्हात उभा राहिला.

"जरा बस," ओसरीतून आवाज आला.

तो माघारी वळला.